सैंधवावर सैंधव

न्याय आणि अलंकार शिकणाऱ्या विद्यार्थ्यास एक उदाहरण आरंभींच भेटतें. धनी नोकरास म्हणतो, "सैंधव आण." सैंधव म्हणजे सिंधुदेशांत उत्पन्न झालेलें, त्या शब्दाचा एक अर्थ मीठ आणि दुसरा अर्थ घोडा. धनी पानावर बसला असेल तर मीठ आणावें, प्रवासास निघाला असेल तर घोडा आणावा. शब्द एक असला तरी अर्थ प्रसंगावरून ठरतो, हें बिंबविण्यासाठीं शास्त्रकारांनीं तें उदाहरण योजिलें आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना मीं तें किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. परंतु दोन्ही अर्थ एकाच वेळीं खरे व्हावे असा प्रसंग मात्र गेल्या रामनवमीस आमच्या घरीं प्रथमच आला.

आमचें गांव जांब समर्थ. श्रीसमर्थ रामदासांचें हें जन्मस्थान, आणि त्यांचा जन्मही रामनवमीचाच. तेव्हां त्या दिवशीं गांवांत केवढी गर्दी असते तें वाचकांनीं कल्पनेनेंच जाणावें. घरांत सर्वांस उपवास होता. चाकण येथें एका कारखान्यांत नोकरीस असलेला आमचा नातू चि. माधव आदल्या रात्रीं आपल्या मोटारसायकलवरून आला होता. ऐन स्वयंपाकाच्या वेळीं उपवासाचें मीठ संपल्याचें ध्यानांत आलें. "माधवा, सैंधव आण रे जरा," असें त्याच्या आजीनें आंतून सांगितलें. गांवांतल्या दुकानीं तें मिळेना, म्हणून तो घनसावंगीस गेला, आणि चुलीवरची भगर शिजण्यापूर्वीं पुडा हातांत घेऊन परत अंगणांत उभा राहिला. आजीस नातवाच्या चपळाईचें कौतुक वाटलें. मला वाटलें नाहीं. तो रस्ता मीं पुष्कळ वर्षें सायकलनें तुडविला आहे. त्याचें एकेक वळण मला पाठ आहे. मनाशीं भागाकार केला, आणि उत्तर आलें तें रुचलें नाहीं.

फराळ झाल्यावर ओसरीवर त्यास एकट्यास गांठून विचारलें, "किती?"

कशाविषयीं, म्हणून त्यानें विचारलें नाहीं. "एकशें अठ्ठावीस, आजोबा. पण क्षणभरच."

आमच्या जालना जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. ५ जून २०२५ रोजीं तो नागपुरापासून मुंबईकडच्या टोंकापर्यंत संपूर्ण खुला झाला. त्या राजमार्गावरही मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे, आणि दुचाकीस तर प्रवेशच नाहीं. आणि हा आमचा रस्ता! शेळ्या, उसाचे ट्रॅक्टर, मागें दिवा नसलेल्या बैलगाड्या, झाडाआडून एकाएकीं निघणारीं गुरें. वळणावर पाटी असते, 'सावधान'. हा शब्द कानीं पडतांच बोहल्यावरून धूम ठोकणारा मुलगा आमच्याच गांवचा, ही कथा येथें प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेली. हल्लींच्या मुलांस त्या कथेंतली धूम तेवढी आठवते.

माझा एक विद्यार्थी अशाच एका वळणावर गेला. नांव सांगत नाहीं, वर्षही सांगत नाहीं. शब्दरूपें कधीं चुकावयाचीं नाहींत असा मुलगा. त्याची एक वही तपासावयास घेतली होती ती परत द्यावयाची राहिली. ती अद्याप माझ्या कपाटांत आहे. माधवास हें ठाऊक आहे, म्हणून मीं त्या दिवशीं पुनः सांगितलें नाहीं. कांहीं वेळ दोघेही गप्प बसलों. मग तोच म्हणाला, "चूक झाली, आजोबा. पण वेगच पाहावयाचा तर त्यासाठीं जगांत एक जागा आहे. तेथें कोणी आडवें येत नाहीं." असें म्हणून त्यानें खिशांतला फोन काढला आणि मला एक अफाट पांढरें मैदान दाखविलें. त्यावरून एक मोटारसायकल रेघ ओढावी तशी जात होती.

"हें काय, बर्फ?"

"नाहीं आजोबा, मीठ."

सैंधवावर सैंधव! मला हसूं आलें, आणि राग निम्मा उतरला. पुढें कित्येक दिवस त्या मैदानाविषयीं जें मिळेल तें मीं वाचीत होतों. या वयांत नवा विषय मिळणें हें एक सुखच आहे.

अमेरिकेंतील यूटा राज्यांत वेंडोव्हर नांवाच्या गांवाजवळ हें बॉनेव्हिलचें क्षारमैदान पसरलें आहे. हिमयुगांत त्या प्रदेशांत एक विस्तीर्ण सरोवर होतें. तें आटत गेलें. त्याचा उरलेला एक भाग म्हणजे आजचें ग्रेट सॉल्ट लेक, आणि पश्चिमेकडे तळाचा जो भाग उघडा पडला त्यावर मिठाचा थर राहिला. क्षेत्रफळ सुमारें ३०,००० एकर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारें ४,२०० फूट. थर मध्यभागीं कांहीं फूट जाड आहे, आणि कडेला पापडासारखा पातळ. मीठ म्हणजे बहुतांशीं आपल्या पानांत वाढतात तेंच. हिवाळ्यांत मैदानावर उथळ पाणी सांचतें, वारा तें इकडून तिकडे लोटतो, उन्हाळ्यांत तें आटतें, आणि विरघळलेलें मीठ खालीं बसून जमीन पुनः सपाट होते. सणापूर्वीं घरांतील बायका अंगण सारवितात, तसें निसर्ग हें अंगण दरसाल सारवून देतो. त्यावर झाड नाहीं, गवताची काडी नाहीं. ऊन वरून लागतें तितकेंच खालूनही लागतें. तेथें जाणाऱ्या नवशिक्याची हनुवटी आणि नाकपुड्या खालच्या बाजूनें भाजून निघतात म्हणे.

मिठाची भूमि आमच्या भागास अगदींच अपरिचित आहे असें नव्हे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे. शाळेची सहल तेथें नेली असतां मुलांनीं कांठावरचा पांढरा थर जिभेस लावून पाहिला आणि तोंडें वेडींवांकडीं केलीं. तो खार सोड्याचा, जेवणांतला नव्हे. उल्कापातानें झालेलें तें विवर कांठापासून कांठापर्यंत सुमारें १.८ किलोमीटर आहे. जगांतील सर्वांत वेगवान मोटारसायकलींचा जो वेग पुढें सांगणार आहें, त्या वेगानें तें अकरा सेकंदांत संपेल. अशा गाडीस वेग धरावयास कित्येक मैल लागतात, मग मोजणीचा मैल, आणि मग थांबावयास पुनः कित्येक मैल. कच्छच्या रणांत विस्ताराची उणीव नाहीं, पण तेथें वर मिठाचा पापुद्रा आणि खालीं चिखल. म्हणून जगांतील वेगवेडे शंभर वर्षांहून अधिक काळ या बॉनेव्हिलचीच वाट धरीत आले. १९१४ सालीं टेडी टेट्झलाफ यानें ब्लिट्झेन बेन्झ ही मोटार येथें ताशीं १४१ मैलांच्या वर पळविली होती. १९४९ पासून तेथें दर ऑगस्टांत 'स्पीड वीक' नांवाचा वेगसप्ताह भरूं लागला. आपल्याकडे हरिनामाचा सप्ताह, त्यांच्याकडे वेगाचा.

येथील शर्यत दोघांनीं खांद्याला खांदा लावून धांवण्याची नव्हे. एका वेळीं एकच गाडी सुटते. प्रतिस्पर्धी समोर नसतो. तो एका कागदावरील आंकडा असतो. आंखलेल्या मैलाच्या दोन्ही टोंकांस प्रकाशकिरणावर चालणारीं घड्याळें लाविलेलीं असतात, आणि तीं सांगतील तोच वेग खरा. गाडीवरील कांट्यास तेथें कोणी विचारीत नाहीं. तो कांटा वस्तुतः थोडा आत्मस्तुति करणाराच असतो; खऱ्या वेगाहून कमी दाखवूं नये असा पुष्कळ देशांत नियम असल्यामुळें कारखानदार तो कांहींसा अधिक दाखविणाराच बसवितात. माधवाचे एकशें अठ्ठावीस घड्याळापुढें किती उरले असते कोण जाणे.

बरें, एकदां धांवून भागत नाहीं. आंतरराष्ट्रीय विक्रमासाठीं ठराविक अवधींत त्याच मार्गावरून एकदां जावें लागतें आणि एकदां उलट यावें लागतें, म्हणजे वाऱ्यानें पाठीवर हात ठेवला असेल तर परतीच्या वेळीं तो छातीवर येतो. वेगसप्ताहांतील रीत थोडी निराळी. तेथें पहिल्या दिवशीं विक्रमाहून अधिक वेग दाखविला कीं गाडी पहाऱ्यांत ठेवितात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुनः पळवावयास लावतात. दोन्ही धांवांची सरासरी हाच विक्रम. एका उत्तरावर गुण न देतां ताळा करून दाखव म्हणणारा हा परीक्षक मला फार आवडला.

आतां वेग कशानें वाढतो तें पाहूं. कोणीही म्हणेल, यंत्राच्या बळानें. हें अर्धेंच खरें. स्वारासमोर उभी राहते ती हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो विरोध फोडीत जाण्यास लागणारें बळ वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. म्हणजे वेग दुप्पट हवा तर बळ आठपट हवें. माधवाच्या गाडीस १२८ किलोमीटरांवर वीस घोड्यांचें बळ लागतें असें धरलें, तर आकार तोच ठेवून २५६ गांठावयास एकशें साठ घोडे जुंपावे लागतील. शिवाय मीठ ओलसर असतें. फार बळ लाविलें तर मागचें चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. तेव्हां दुसरा उपाय एकच, हवेपुढें आपला आकार लहान करणें.

हें ज्यानें जगास दाखविलें त्याचें नांव रोली फ्री. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, इंग्लंडांत बनलेली व्हिन्सेंट ही सुमारें सत्तर घोड्यांच्या बळाची गाडी घेऊन तो बॉनेव्हिलवर उतरला. त्याला १५० मैलांचा आंकडा हवा होता. आधींच्या धांवेंत तो आंकडा थोडक्यांत हुकला, आणि अंगावरचा चामडी पोशाखही वाऱ्यानें फाटला. तेव्हां या गृहस्थानें पोशाख काढून टाकला, पोहण्याची चड्डी आणि टोपी तेवढी ठेविली, पायांत साधे जोडे चढविले, आणि गाडीवर पालथा निजून, पाय मागें सरळ लांब करून निघाला. मूठ पिळलेली, हनुवटी टांकीला टेकलेली, दृष्टि खालीं. वेग भरला ताशीं १५०.३१३ मैल, म्हणजे जवळ जवळ २४२ किलोमीटर. एक मैल चोवीस सेकंदांत. त्या धांवेचें छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. मीं तें आमच्या घरीं दाखविलें तेव्हां सौ. म्हणाली, "हा तर साष्टांग नमस्कार घालतो आहे!" अगदीं तेंच. वायुपुत्राच्या गांवांत आम्हीं नमस्कार जमिनीवर घालीत आलों. यानें तो वाऱ्याला घातला. मात्र खालीं पडला असता तर उघड्या अंगाचें काय झालें असतें, हा विचार छायाचित्र पाहून झाल्यावर येतो आणि मग जात नाहीं.

फ्रीहून मला अधिक जवळचा वाटला तो दुसराच मनुष्य. २००५ सालीं त्याच्यावर एक चित्रपट निघाला. त्याच्या नांवाचा अर्थ 'जगांतील सर्वांत वेगवान इंडियन'. मीं हरखलों कीं कोणी आपलाच असावा. पाहतों तों 'इंडियन' हें अमेरिकेंतील एका मोटारसायकल कंपनीचें नांव! तिच्यावरचा स्वार बर्ट मनरो हा न्यूझीलंडांतील इन्व्हरकार्गिलचा. १९२० सालीं त्यानें ही गाडी नवी विकत घेतली. मूळची ती ६०० घनसेंटिमीटरांची आणि ताशीं ५५ मैलांच्या आसपासची. पैसा नव्हता, कारखाना नव्हता. राहण्याची आणि काम करण्याची जागा एकच. जुन्या डब्यांत धातू ओतून तो यंत्राचे दट्टे घरींच घडवी. एक भाग बनवावा, चालवून पाहावा, मोडावा, पुनः बनवावा. मोडके भाग त्यानें फेंकले नाहींत. ते एका फळीवर मांडून ठेविले आणि वर लिहिलें, हा वेगदेवतेस नैवेद्य. आमच्याकडे देव्हाऱ्यांत भंगलेली मूर्ति ठेवीत नाहींत, पण या देव्हाऱ्याची गोष्ट निराळी.

अशी सत्तेचाळीस वर्षें गेलीं. २६ ऑगस्ट १९६७ रोजीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्याच गाडीवर, आतां ती ९५० घनसेंटिमीटरांची झाली होती, मनरोनें बॉनेव्हिलवर विक्रम केला. तो ताशीं १८३.५८६ मैल असा नोंदला गेला. १९७८ सालीं तो वारला. पुढें त्याच्या मुलास सरासरीच्या गणितांत चूक आढळली, आणि २०१४ सालीं विक्रम दुरुस्त होऊन १८४.०८७ झाला. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं फेरतपासणीत अर्धा गुण वाढला! ज्यानें आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या त्यास ही गोष्ट वाचून काय वाटलें असेल तें सांगावयास नको. कपाटांतली ती वही मीं त्या रात्रीं बाहेर काढली होती.

माधवाच्या चाकणाचाही या मिठाशीं दूरचा संबंध आहे. सप्टेंबर १९५६ मध्यें जॉनी अ‍ॅलन यानें ट्रायंफचें यंत्र बसविलेली बाणाच्या आकाराची गाडी येथें ताशीं २१४ मैलांनीं पळविली. आंतरराष्ट्रीय संस्थेनें ती नोंद मान्य केली नाहीं. मोठा वाद झाला. कंपनीनें मात्र १९५९ सालासाठीं काढलेल्या आपल्या नव्या गाडीस 'बॉनेव्हिल' हें नांव देऊन टाकलें, आणि तें आजतागायत चालत आलें आहे. त्याच ट्रायंफच्या ४०० घनसेंटिमीटरांच्या गाड्या २०२३ पासून बजाज कंपनी चाकण येथें बनवीत आहे. आणि भारतीय गाडी प्रत्यक्ष मिठावर गेल्याचेंही उदाहरण आहे. ऑगस्ट २०१८ च्या वेगसप्ताहांत केयला रिव्हास नांवाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलीनें, चेन्नईच्या रॉयल एन्फील्ड कंपनीची ६५० घनसेंटिमीटरांची गाडी, अर्थात् पुष्कळ फेरफार केलेली, ताशीं १५७ मैलांवर नेली. म्हणजे फ्रीच्या नमस्काराहून सात मैल अधिक, आणि तेंही यंत्र व्हिन्सेंटहून लहान असून. अठरा वर्षांची मुलगी हें ऐकून आमच्या घरांतील सुनांनीं माना वर केल्या, आणि माधवानें घातली.

सर्वांत मोठा आंकडा रॉकी रॉबिन्सन याचा. २५ सप्टेंबर २०१० रोजीं दोन सुझुकी यंत्रें जोडलेल्या, स्वारास पोटांत घेणाऱ्या लांबट गाडींतून त्यानें ताशीं ३७६.३६३ मैलांची, म्हणजे सुमारें ६०५ किलोमीटरांची सरासरी साधली. लोणारचें विवर अकरा सेकंदांत ओलांडणारी ती हीच. तिला मोटारसायकल म्हणावें कीं चाकांवरचा बाण, हा माझ्या मनांत संशय आहे. आणि या मैदानावर भय नाहीं असेंही कोणीं समजूं नये. २०१६ सालीं सॅम व्हीलर हा मुरलेला स्वार येथेंच चांचणी घेतांना मरण पावला. त्यानें स्वतःचा जीव पणास लाविला. शेळ्या घेऊन घरीं जाणाऱ्या दुसऱ्या कोणाचा नव्हे, एवढाच फरक. पण तो फरक थोडा नाहीं.

हें सर्व मी घरांत वाचून दाखवीत होतों तेव्हां सौ.नें मध्येंच विचारलें, "एवढें मीठ उघड्यावर पडलेलें, कोणी उचलून नेत नाहीं?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तर असें कीं नेतात. मीठ नव्हे, त्यांतलें पोटॅश. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मैदानालगत खंदक खणून जमिनींतलें खारें पाणी ओढून घेण्यांत येऊं लागलें, आणि त्यापासून खत तयार होऊं लागलें. पाण्याबरोबर मीठही जातें. थर पातळ होत चालला. एके काळीं तेरा मैल लांबीची धांवपट्टी आंखतां येई. अलीकडे आठ मैल मिळाले तरी नशीब म्हणतात. १९९७ पासून पांच वर्षें खारें पाणी पुनः मैदानावर सोडून पाहिलें. तरी थराचें पातळ होणें थांबलें नाहीं. २०१४ सालीं मैदानावर पाणी सांचलें म्हणून वेगसप्ताह रद्द झाला. २०१५ सालीं मीठच धड नव्हतें म्हणून रद्द झाला. २०२२ सालीं पुनः पाण्यामुळें रद्द. खाणवाल्यांस दूषण देणें सोपें आहे. पण आमच्या जालन्याच्या मोसंबीच्या बागांसही पोटॅश घालावें लागतेंच. झाडानें फळ धरावें तर तें कोठून तरी यावयास हवें. ज्या अंगणावर माणसें वाऱ्यास नमस्कार घालावयास जातात तेंच अंगण पोत्यांत भरून कोणाच्या तरी शेतांत जात आहे, आणि दोघांचीही गरज खोटी नाहीं. मला यांत निवाडा देतां आला नाहीं.

माधवास मात्र हें ऐकून वाईट वाटलें. तेथें जावयाचें तर पैसे सांठवावयास सात-आठ वर्षें लागतील असा त्याचा हिशोब आहे; स्वार म्हणून नाहीं तर कोणाच्या तरी गाडीस हात लावावयास, पाना देण्यास म्हणून. "तोंवर मीठ उरेल का, आजोबा?" असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, मनरो सत्तेचाळीस वर्षें थांबला होता. तो म्हणाला, "हो, पण त्याचें मीठ जागेवर होतें." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पारणें करून तो निघाला. आजीनें उरलेल्या सैंधवाची पुडी बांधून त्याच्या पिशवींत घातली. मीं त्याच्याकडून एक कबूल करून घेतलें होतें. कांट्यानें वर कोठपर्यंत उडी मारली तें मला सांगावयाचें नाहीं; निघाल्याची वेळ, पोंचल्याची वेळ आणि एकंदर अंतर एवढेंच कळवावयाचें, गणित मी करीन. रात्रीं त्याचा निरोप आला. मीं पाटी घेतली, वाटेंतल्या चहाचा आणि जेवणाचा वेळही वजा न करतां भागाकार केला, आणि ताळा करून पाहिला. ताशीं बेचाळीस.